मिरजेच्या वाद्यवृंदासाठी बास गिटार : प्रकल्प नोंदी

८ जून २०२५, रविवार

तालीम संपल्यावर बसून बोललो आणि बास गिटार घ्यायचं एकदाचं ठरलं. आजवर आमचा बास म्हणजे कीबोर्डवाल्या दादांचा डावा हात. उजव्या हाताने व्हायोलिनचे, सतारीचे पीस आणि डाव्याने खालचे सूर. दादांचा हात चांगला आहे, तरी अंतऱ्याआधीचा पीस भरगच्च आला की डावा हात त्याच्या मदतीला धावतो आणि नेमका तेव्हाच गाण्याचा तळ निघून जातो. शिवाय कीबोर्डवर सूर दाबला की तो प्रत्येक वेळी सारख्याच वजनाने येतो. भावगीताला एवढ्यावर भागत नाही. बोटाने तार थोडी आधी किंवा थोडी उशिरा सोडणं, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, हे लागतंच.

यंत्रातल्या बासला मी कमी लेखत नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वर्षानुवर्षं बास वाजवलेल्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँडच्या टीबी-३०३ या यंत्रावर राग वाजवून ठेवलेत, आणि ते यंत्र बास गिटारची जागा घेण्यासाठीच बनवलेलं होतं. पण आमच्याकडे ऑक्टोपॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचं विजेवरचं तालवाद्य, आधीच आहे. तळालाही यंत्रच आलं तर तबल्याला सोबत कोण करणार?

वाजवणार मी. बजेट ऐंशी हजारांच्या आत, त्यात गिटार, अॅम्प, तारा, केबल सगळं. गणपतीच्या कार्यक्रमांपर्यंत तयार हवं. गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आहे.

११ जून

पहिला प्रश्न: चार तारा की पाच? दुकानात जाण्याआधी कागदावर सोडवायला घेतला.

चार तारांच्या बासची सर्वांत खालची मोकळी तार ई, म्हणजे आपली पांढरी ३, साधारण ४१ हर्ट्झ. त्यावर ए ५५, डी ७३, जी ९८. पाच तारांत खाली बी येते, जवळपास ३१ हर्ट्झ.

आमचे गायक काळी १ मध्ये गातात. त्यांचा षड्ज ए तारेच्या चौथ्या पडद्यावर, ६९ हर्ट्झच्या आसपास, आणि त्याखालचा पंचम ई तारेच्या चौथ्याच पडद्यावर, ५२ हर्ट्झला. एकाच पडद्यावर वर सा, खाली प. बोट न हलवता तानपुऱ्याचं काम होतं. ताई काळी ४ मध्ये गातात. त्यांचा षड्ज ई तारेच्या चौथ्या पडद्यावर येतो आणि पंचम त्याच्या वर, ए तारेच्या सहाव्यावर. खालचा पंचम मिळत नाही, पण षड्जच तळाला बसत असेल तर खालच्या पंचमाची फारशी गरज उरत नाही. पांढरी २ मध्ये कुणी गायलं तर षड्ज ए तारेच्या पाचव्या पडद्यावर आणि पंचम म्हणजे मोकळी ए तार. त्याहून सोयीचं काही नाही.

पाचवी तार घेतली तर काळी १ चा षड्ज ३५ हर्ट्झपर्यंत खाली जाईल. मात्र आपल्याकडच्या कार्यक्रमांत लावले जाणारे पंधरा इंची टॉप, म्हणजे श्रोत्यांसाठीचे मुख्य स्पीकर, ५० हर्ट्झच्या खाली झपाट्याने दम सोडतात आणि प्रत्येक मंडळाकडे सब (फक्त खालच्या सुरांचा स्पीकर) असतोच असं नाही. तेवढा खालचा सूर स्पीकरमधून निघतच नाही. कान त्याच्या वरच्या स्वरांशांवरून तो ओळखून घेतो इतकंच. त्यासाठी रुंद नेक, म्हणजे गिटारची मान, आणि वाढीव वजन खांद्यावर घ्यायचं कारण मला दिसत नाही. चार तारा.

१५ जून, रविवार

पुण्याला दुकानात जाऊन आलो. तबल्याच्या काकांना मुद्दाम सोबत नेलं. त्यांनी डग्गा पिशवीत घालून आणला होता आणि दुकानदाराने हसत हसत परवानगी दिली. बास एकट्याने वाजवून पाहिला की सगळेच चांगले वाटतात. आपल्याला तो डग्ग्याशेजारी ऐकायचा होता.

आयबानेझची जीएसआर २०० हातात घेतल्या घेतल्या आवडली. हलकी, नेक बारीक, बोटं सहज पोचतात. पण तिच्यात बास वाढवायचं सर्किट आहे आणि त्याला नऊ व्होल्टचा चौकोनी सेल लागतो. केबल लावून ठेवली की सेल उतरत राहतो. रात्री साडेनऊला आरतीनंतर सेल संपला तर तो कुठे मिळणार? आमच्या कामाला बिनसेलाची, म्हणजे पॅसिव्ह बासच बरी.

यामाहाची टीआरबीएक्स १७४ पॅसिव्ह, किंमत सगळ्यांत कमी आणि बांधणी चोख. नव्याने शिकणाऱ्या कुणालाही मी डोळे झाकून हीच सांगेन.

मग जॅझ बास आणि प्रिसिजन बास या फेंडरच्या दोन्ही घाटांच्या, त्यांच्याच स्वस्तातल्या ब्रँडच्या, म्हणजे स्क्वायरच्या गिटारी एकापाठोपाठ एक. जॅझचा आवाज जास्त रेखीव, घोडीजवळच्या पिकअपमुळे (तारेचं कंपन विजेत बदलणारं चुंबक-वेटोळं) प्रत्येक सुराला कड येते. प्रिसिजनचा आवाज मधल्या सुरांत जाड, थोडा घशातला. काकांनी डग्ग्यावर घिस्सा घेतला, मी षड्जावर होतो. जॅझवर डग्गा आणि बास एकमेकांत मिसळले, कोण कुठे ते कळेना. प्रिसिजनवर मात्र डग्ग्याची घुमार खाली आणि बासचा सूर तिच्या किंचित वर असा वेगळा राहिला. काका म्हणाले, "ही मला जागा देतीय. हिच्यासंगं ठेका मोकळा वाजतोय."

आणखी एक गोष्ट तिथेच लक्षात आली. दुकानाच्या शोकेसमध्ये एलईडीच्या माळा होत्या. जॅझचा एक पिकअप थोडा कमी केला की अॅम्पमधून गुणगुण सुरू व्हायची. प्रिसिजन त्याच जागी गप्प.

२२ जून

ठरलं. स्क्वायर क्लासिक व्हाइब, साठच्या दशकातल्या प्रिसिजनच्या घाटाची.

गुणगुणीचं कारण नीट लिहून ठेवतो, कारण मांडवात ते सोन्याच्या मोलाचं आहे. लिओ फेंडरने प्रिसिजन बास १९५१ मध्ये आणली तेव्हा तिला एकच साधा पिकअप होता. १९५७ मध्ये तो दोन तुकड्यांत विभागला गेला: एक तुकडा ई आणि ए तारांखाली, दुसरा डी आणि जी तारांखाली. दोन्हींची वेटोळी आणि चुंबकं एकमेकांच्या उलट दिशेची. बाहेरून येणारी विजेची गुणगुण दोन्ही वेटोळ्यांत उलट-सुलट उमटते आणि एकमेकांना खोडून काढते. तारेचा आवाज तेवढा शिल्लक राहतो. जॅझ बास १९६० ची. तिचे दोन्ही पिकअप एकेरी वेटोळ्याचे, त्यामुळे दोन्ही पूर्ण उघडे असले तरच गुणगुण खोडली जाते. एक जरा कमी केला की ती परत येते. गणपतीच्या मांडवात रोषणाई, डिमर, जनरेटर सगळं आपल्या अंगावरच असतं. तिथे हा एक गुण बाकीच्या दहा गुणांना भारी आहे.

पडदे ज्या पट्टीवर बसवलेत ते लाकूड 'इंडियन लॉरेल' म्हणून विकलं जातं. म्हणजे आपला ऐन. चांदोली-आंबा घाटाच्या जंगलात मगरीच्या पाठीसारख्या सालीचा जो उभा दिसतो तोच. शिसवीच्या साऱ्या जातींवर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले (तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीस त्यातून सूट मिळाली), त्या काळात गिटारवाल्यांनी ऐनासारखी लाकडं धरली. पट्टी जरा कोरडी वाटली म्हणून लिंबाच्या वासाचं फिंगरबोर्ड तेल हलकं पुसून घेतलं.

३ जुलै

अॅम्प. कोल्हापुरातल्या एका ऑर्केस्ट्रातल्या बासवादकाचा फेंडर रंबल १०० मिळाला, जुना. बारा इंची स्पीकर, वजन दहा किलोच्या आसपास, म्हणजे स्कूटरच्या पायापाशी ठेवून नेता येतो. नवा रंबल ४० याच पैशांत बसत होता.

४० आणि १०० वॅटचा हिशेब लोक फुगवून सांगतात. अडीचपट वॅट म्हणजे फक्त ४ डेसिबलचा फरक. कानाला दुप्पट मोठा वाटायला १० डेसिबल लागतात. मी १०० घेतला तो मुख्यतः बारा इंची स्पीकरसाठी आणि दमासाठी. खालच्या सुरांना भरपूर ताकद लागते. आपला कान मुळात खालच्या सुरांना मंद, त्यामुळे आवाज बेताचा ठेवला तरी अॅम्पला मेहनत पडतेच. लहान अॅम्प अशा वेळी फाटू लागतो.

श्रोत्यांपर्यंत पोचवायचं काम अॅम्पचं नाही. ते साउंडवाल्याच्या टॉपचं. १९६९ मध्ये अँपेग या अॅम्प कंपनीने ३०० वॅटचा एसव्हीटी आणि त्याखाली दहा इंची आठ स्पीकरचं कपाट काढलं ते ज्या काळी बासचा सगळा भार स्टेजवरच्या अॅम्पवर असायचा त्या काळासाठी. आम्हाला अॅम्प हवा तो मला स्वतःला, काकांना आणि गाणाऱ्याला ऐकू यावा म्हणून. म्हणूनच त्याला एक्सएलआर लाईन आउट, म्हणजे आवाज थेट मिक्सरला द्यायची जागा, असणं वॅटपेक्षा महत्त्वाचं.

जुना अॅम्प घेताना काय बघितलं: प्रत्येक नॉब पूर्ण फिरवून खरखर ऐकली. मोकळी ई तार मोठ्या आवाजात वाजवून स्पीकरची जाळी किंवा एखादा स्क्रू वाजतोय का ते पाहिलं. केबल लावल्यावर जॅक हलवून पाहिला. लाईन आउट त्यांच्याच मिक्सरला जोडून हेडफोनवर ऐकला. पॅनेलवर 'कंटूर' नावाचं बटण आहे, ते मधले सूर काढून घेतं. घरी एकट्याने वाजवताना ते फार देखणं लागतं, पण वाद्यवृंदात दाबलं की बास गायब. ते बंदच राहील.

६ जुलै, आषाढी एकादशी

अभंगांचा छोटा कार्यक्रम, विठ्ठल मंदिरात. नव्या बासने पहिल्यांदाच, कारखान्यातून आलेल्या तारांवरच. पखवाजाच्या साथीला. फक्त सा आणि प, सम आणि खालीच्या आसपास. एक अभंग मालकंसात होता. तिथे पंचम नाही, म्हणून सा आणि म. बासवाल्याला राग माहीत असायलाच हवा. इंग्रजी पुस्तकातला सवयीचा सा-प लावून मालकंसात पंचम घुसवला तर गाणाऱ्याचा जीव घाबरा होईल.

तारा मात्र फार बोलतात. बोट सरकलं की 'च्चीक' असा आवाज येतो आणि मंदिरात तो मागच्या भिंतीपर्यंत गेला.

१३ जुलै

तारांवर सगळा आठवडा गेला, आणि तो योग्य ठिकाणी गेला असं मला वाटतं. गिटार बदलली तर आवाज जेवढा बदलतो, जवळपास तेवढाच तारा बदलून बदलतो, आणि किंमत कितीतरी कमी.

कारखान्यातून येतात त्या राउंडवाउंड. मधे पोलादाचा गाभा, भोवती निकेलचा मुलामा दिलेली गोल तार गुंडाळलेली. खाचांमुळे आवाज चकचकीत येतो, सूर लांबतो आणि बोट सरकल्यावर कचकचतो. रोटोसाउंडने १९६० च्या दशकात 'द हू' या ब्रिटिश रॉक बँडचा बासवादक जॉन एंटविसलसोबत काम करून या तारा घडवल्या. त्याला बास पियानोच्या खालच्या पट्ट्यांसारखा खणखणीत हवा होता. रॉकला ते शोभतं.

त्याआधी बहुतेक बासना फ्लॅटवाउंड असत. गाभ्याभोवती चपटी पट्टी गुंडाळलेली, स्पर्शाला गुळगुळीत. सूर लवकर विरतो, कड कमी, गोलाई जास्त. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीत जेम्स जेमर्सनने आपल्या १९६२ च्या प्रिसिजनवर ला बेलाच्या जाड फ्लॅटवाउंड तारा लावल्या आणि तुटेपर्यंत बदलल्या नाहीत. वाजवायचा उजव्या हाताच्या एकाच बोटाने, तर्जनीने. ऐकताना प्रत्येक वेळी जाणवतं की त्याचा बास गायकाच्या शब्दांवर कधी पाय देत नाही. आपल्या भावगीताला हेच हवं. शब्द वर, तबला मधे, बास तळाला आणि प्रत्येकाच्या सुरानंतर थोडी मोकळी हवा.

जेमर्सनचा संच ५२ ते ११० चा, म्हणजे जी तार इंचाच्या ५२ हजारांश जाडीची आणि ई तार ११०. माझ्या बोटांना तो ताण रोज झेपणार नाही. डॅडारिओच्या क्रोम्स मागवल्या, ४५-६५-८०-१००. एकेका तारेवर वीस किलोच्या आसपास ताण, चारींचा मिळून ऐंशीच्या घरात. राउंडवाउंडपेक्षा महाग, पण मिरजेच्या पावसाळी हवेत हाच हिशेब उलटा होतो. गोल गुंडाळीच्या खाचांत घाम आणि मळ साचतो, तार मरते. फ्लॅटवाउंडमध्ये साचायला जागाच नाही, वाजवून फडक्याने पुसली की झालं. वर्षानुवर्षं चालतात.

लावताना एक काळजी: खुंटीच्या पुढे चार-पाच इंच सोडून तार आधी काटकोनात वाकवायची आणि मग वाकाच्या पलीकडे कापायची. सरळ कापली तर वरची पट्टी गाभ्यावरून सुटू शकते आणि ती तार मग कधीच नीट बोलत नाही.

२० जुलै

तारा लावल्या, आवाज मनासारखा. फक्त मोकळी ए तार वाजवली की तिच्या शेवटाला एक बारीक झिणझिण येते. पडद्यावर बोट ठेवलं की नाही. म्हणजे दोष पडद्यांत नाही, वरच्या नटच्या, म्हणजे तारा खुंट्यांकडे जाताना जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या, खाचेत.

सतारमेकर गल्लीत गेलो. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण या गल्लीतल्या कारागिरांचं काम त्याआधीही गवयांना ठाऊक होतं. एका दुकानातल्या बुजुर्ग कारागिरांनी बास मांडीवर आडवी घेतली, ए तार एकदाच छेडली आणि डोळे मिटून ऐकली. "जवारी खुलीय हिची. आमच्यात ही मुद्दाम काढत्यात. तुमाला बंद पायजे न्हवं?"

बरोबर तेच होतं. खाच तळाला सपाट होती, त्यामुळे तार खाचेच्या पुढच्या काठावरून सुटण्याऐवजी थोडी मागून, तळाला घासत सुटत होती. सतारीच्या घोडीवर हाच घासता स्पर्श कानसने तयार करतात, त्यातूनच तो स्वरांचा झरा फुटतो. इथे तो नको. त्यांनी सुईसारखी बारीक गोल कानस घेतली, खाचेचा तळ खुंट्यांच्या बाजूला किंचित उतरता केला, दोन-तीन हलके हात मारून प्रत्येक वेळी तार पुन्हा चढवून ऐकली. मधेच थांबले, कारण आणखी एक हात मारला असता तर तार खाली बसली असती आणि पहिल्या पडद्यावर वाजली असती. झिणझिण गेली. पैसे घेताना म्हणाले, "सूर लागला की सांगा मला कार्यक्रम कुठं हाय ते."

बाकीची जुळवणी घरी केली. पहिला आणि शेवटचा पडदा दाबून मधे, सातव्या-आठव्या पडद्याजवळ तार आणि पडदा यांतलं अंतर मोजलं. मोटारसायकलच्या टॅपेटसाठी असतं तेच फीलर गेज. नव्या तारांच्या ताणाने नेक जास्त वाकली होती. ट्रस रॉड (नेकमधली धातूची सळई) पाव पाव फेरा फिरवत, रात्रभर ठेवत ०.३ मिलिमीटरवर आणली. सतराव्या पडद्याजवळ तारांची उंची सव्वादोन मिलिमीटर. मग घोडीचे स्क्रू फिरवून बाराव्या पडद्याचा सूर मोकळ्या तारेच्या वरच्या षड्जाशी मिळवला.

१० ऑगस्ट

पूर्ण वाद्यवृंदाची तालीम. ऑक्टोपॅडच्या किकशी, म्हणजे बास ड्रमच्या ठोक्याशी, बास जुळवायला वेळ लागला. ऑक्टोपॅडवाल्याने किकचा आवाज लांबट ठेवला होता, तो आखूड केला तेव्हा दोन्ही वेगळे ऐकू आले. लावणीत मी जवळपास काहीच वाजवत नाही. ढोलकीच्या धुम्यात खालचं सगळं आहेच, बासने तिथे घुसू नये. फक्त तोडा संपून ध्रुवपद परत येतं तिथे एक ठाम षड्ज.

घोडीजवळ तारांखाली गादीच्या स्पंजची पातळ पट्टी सरकवून पाहिली. फेंडरच्या सुरुवातीच्या प्रिसिजनमध्ये घोडीवरच्या झाकणाखाली असा मऊ तुकडा येतच असे. सूर आणखी लवकर विरतो, ठसा तेवढा राहतो. भावगीतांना पट्टी आत, चित्रपटगीतांना बाहेर. काढा-घालायला क्षणाचं काम आहे.

३० ऑगस्ट

मांडवातला पहिला मोठा कार्यक्रम. साउंडवाले दादा आले आणि म्हणाले, "लाईन द्या." अॅम्पच्या मागच्या एक्सएलआरमधून थेट मिक्सरला दिली. त्यांनी बास आणि किक सोडून बाकी सगळ्या माइकना लो-कट (खालचे सूर गाळणारी सोय) लावला. हे केलं नाही तर तळ गढूळ होतो. डग्ग्याच्या माइकला ते अगदी थोडंच लावलं.

स्टेज फळ्यांचं, खालून पोकळ. अॅम्प थेट फळीवर ठेवला की अख्खं स्टेज घुमत होतं आणि ती घुमार डग्ग्याच्या माइकमध्ये जात होती. दुधाच्या प्लास्टिक क्रेटवर जाड रबरी पायपुसणं टाकून त्यावर अॅम्प ठेवला, तोंड माझ्या कानाकडे जरा वर. काकांनी लगेच मान हलवली. बास नॉब मधल्या खुणेच्या (घड्याळातल्या बाराच्या) खाली, लो-मिड थोडा वर. ई तारेच्या सुराची एक लांबी हवेत आठ मीटरहून जास्त भरते, म्हणून स्टेजवर तो नीट कळत नाही आणि बाहेर भरपूर असतो. मधले सूर दिले की वाजवणाऱ्याला आपला सूर सापडतो.

सुरू होण्याआधी टेस्टरने माइकची जाळी आणि बासच्या तारा तपासल्या. माइकवर दिवा लागला. मंडळाच्या वायरमनला बोलावून अर्थिंग नीट करून घेतलं, मगच वाजवायला बसलो. अर्थिंगची पिन काढून हम (गुणगुण) घालवायचा प्रकार मी कधीही करू देणार नाही. हम असेल तर अॅम्पवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण त्यासाठीच आहे, ते फक्त आवाजाच्या लाईनचं अर्थ तोडतं, विजेचं नाही. एका हाताखाली तारा आणि ओठांशी माइक, मधे आपण. इथे घाई नको.

समोर दोन्ही बाजूंना रोषणाई नाचत होती. प्रिसिजन शेवटपर्यंत शांत.

१४ सप्टेंबर

नवरात्रासाठी यादी: लांब केबल, राखीव केबल, स्वतःचा डीआय बॉक्स, म्हणजे जिथे जागा कमी तिथे अॅम्प न नेता थेट लाईन देता येईल. तारा बदलायच्या नाहीत, आता कुठे त्या मुरायला लागल्यात. ताईंनी दोन जोगवे पांढरी ५ मध्ये घेतलेत, षड्ज ई तारेच्या तिसऱ्या पडद्यावर, मोकळ्या जी तारेखाली बरोबर एक सप्तक. दादांनी मोकळ्या झालेल्या डाव्या हाताने सनईचा दुसरा भाग बसवायला घेतलाय. बुधवारपासून त्याची वेगळी तालीम, सात वाजता.